नूरुद्दीनची कल्हई

"ताक हिरवं पडलं, नूरभाई! दोन म्हैन्यात कल्हई उडाली. काय लावलं हुतंस, चुना?"

"पातळ लावली, आक्का. कथील मिळंना. जपान्यानं कथिलाचा मुलूख घेतलाय."

"जपान कुठं आन् माझं पितळेचं पातेलं कुठं!"

साल बेचाळीस. मी नवी नवरी, दाराआड हसू दाबत ऐकत होते. ओट्यावर सासूबाई गोजरबाई, अंगणात मिरजगावचा कल्हईवाला नूरुद्दीन आणि भात्यापाशी त्याची बायको खातून.

मग त्यानं कल्हईचं मूळ सांगितलं. त्याचा आजा म्हणायचा, समुद्रापल्याड कला नावाचं बंदर हुतं. कथील तिथून यायचं, म्हणून अरबांनी त्याला कलई म्हटलं, आपण कल्हई. "लढाई तितंच पेटलीय, आक्का."

सासूबाईंना बंदराचं काय! नणंदेचं लग्न तोंडावर आलेलं. "शिसं मिसळ. समदे मिसळत्यात. चमकल्याशी मतलब."

"शिसं पोटात जातं. ते न्हाई जमायचं."

"मग ऱ्हाऊ दे!"

भांडी दुसऱ्याकडं गेली. हळूहळू गावानंही तेच केलं. नूरुद्दीनचा पाय घरात ठरेना. कथिलाच्या तुकड्यासाठी आज नगर, उद्या पारनेर, परवा संगमनेर. "झोपेत बी हात कल्हई फिरवतो त्याचा," खातून विहिरीवर म्हणायची. घरात चूल एक दिवस पेटे, एक दिवस नाही.

"मग शिसं मिसळत का न्हाईत?" मी विचारलं.

"मीच म्हनलं एकदा. दोन दिस बोलला न्हाई. तेवढीच शांतता मिळाली, वैनी!"

पंचेचाळीसच्या थंडीत मला आठवा लागला. बाळंतिणीच्या पातेल्याला नवी कल्हई करायची आमच्यात रीत. नातवंडाच्या दुधाला मात्र सासूबाईंना शिसं नको होतं. तोंड फुगवूनच त्यांनी नूरुद्दीनला निरोप धाडला.

तो खोकत आला. अंगात ताप. सासूबाईंनी सात भांडी मांडली. त्यानं फडक्यातून कथील काढलं, करंगळीच्या पेराएवढं.

"एकाचंच हुईल."

"आन् बाकीची?"

"तवर मडक्यात शिजवा, आक्का."

सासूबाई पुटपुटल्या, पण सहा भांडी उचलून आत नेली. खातूननं भाता दाबला. पातेलं तापलं, नवसागराची पूड टाकताच धूर उठला. कापसाच्या बोळ्यानं त्यानं कथील काठापर्यंत फिरवलं आणि पातेलं पाण्यात बुडवलं. चर्र झालं. आत डोकावून पाहिलं, सदऱ्याच्या टोकानं पुसलं आणि माझ्या हातात दिलं.

"ह्यात दूध तापव, बेटा."

पुढच्या बाजारापर्यंत तो जगला नाही. त्या दिवशी मात्र नेहमीसारखाच त्यानं निखाऱ्यांवर पाणी ओतलं, भट्टीचा खड्डा बुजवला, माती पायानं सारखी केली आणि भाता खांद्यावर टाकून खातूनमागं निघाला.