तीन शटरं, एक बटण

किस्से जमवायला कुठे जावं लागत नाही. ओट्यावर मेथी निवडत बसलं की ते आपले आपण चालत येतात आणि वाळल्या पापडांसारखे एकावर एक चढत जातात. आमच्या जळगावच्या गल्लीत रिमोटवर उघडणारी गॅरेजची शटरं फक्त तीन. एक आमचं. समोर, भिंतीला भिंत लागून, दोन सख्ख्या भावांची दोन. थोरले मधुकरनाना आणि धाकटे दिगंबरभाऊ. पण या तीन शटरांनी मला जेवढं दिलं, तेवढं बाकी कॉलनीनं मिळून दिलं नाही.

*

तिन्ही शटरं धुळ्याच्या एका मिस्त्रीनं एकाच दिवशी बसवली. रिमोटच्या पोटात बारीक खटक्यांची एक ओळ असते. ते खटके वर-खाली करून घरोघरचा वेगळा कोड लावायचा असतो. मिस्त्रीला धुळ्याची गाडी धरायची घाई, त्यानं खटक्यांना हातच लावला नाही. कारखान्यातून आले तसे रिमोट आमच्या हातात ठेवले आणि गेला.

मी रिमोटला हळदीकुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि बटण दाबलं. आमचं शटर वर गेलं. समोरची दोन्हीसुद्धा गेली! मला वाटलं, आपला रिमोट चांगला ताकदीचा निघाला.

समोर गॅरेजमध्ये नाना बनियनवर बसून जिलेबी खात होते. नानांना शुगर आहे. त्यांच्या हातातला तुकडा तसाच राहिला.

"अक्का," ते हळूच म्हणाले, "आधी ते खाली करा. कुसुम येतेय."

*

यानंतर बटणावरचा माझा हात थोडा सैल झाला हे खरं. दिगंबरभाऊंकडे टेम्पोतून मोठं खोकं उतरलं. फ्रिज की वॉशिंग मशीन, एवढंच बघायचं होतं. खिडकीतून दाबलं, उघडेना. कोणीतरी सांगितलं होतं की रिमोट हनुवटीला लावून दाबला की लांबवर पोचतो. म्हणून फाटकात उभी राहून हनुवटीला लावला, मान वर केली, दाबत राहिले.

नानांच्या कुसुमवहिनी ओट्यावरून बघत होत्या. त्या आत गेल्या, क्रोसिनची गोळी आणि गरम पाणी घेऊन आल्या. काय सांगणार, दाढ दुखतेय म्हटलं. गोळी घ्यावी लागली. खोक्यात कूलर होता.

*

पुढे दोघा भावांचं बिनसलं. बोअर सामायिक, पाणी आधी कोणाच्या टाकीत चढवायचं यावरून. मी दुसऱ्याच्या घरातलं बोलत नाही, म्हणून एवढंच सांगते. बोलणं बंद झालं. दर हिवाळ्यात नानांच्या गॅरेजमध्ये अख्ख्या गल्लीची भरीत-पार्टी व्हायची, तीही बंद.

शटरं मात्र अजून एकत्रच उघडायची. नाना सकाळी स्कूटर काढायला बटण दाबायचे, की भाऊंचं शटर वर. एकदा त्यातून गल्लीतला कुत्रा आत शिरला आणि भाऊंच्या नव्या सीटकव्हरवर झोपला. भाऊ रस्त्यावर येऊन भिंतीला ऐकवू लागले, "काही लोकांना दुसऱ्याचं दार उघडून बघायची सवयच असते."

ते नानांना होतं. मी मात्र उगाच घरात जाऊन बसले.

*

निरोप माझ्यामार्फत जायचे. नाना म्हणाले, त्याला सांगा, बटण दाबताना जरा विचार करत जा. मी विचार केला, असं कसं सांगायचं? म्हणून भाऊंना म्हटलं, "नाना विचारत होते, तब्येत कशी आहे?"

"मला काय झालंय?" भाऊ म्हणाले.

हे नानांना जसंच्या तसं सांगणं बरं दिसेना. म्हटलं, भाऊंना जरा बरं नाही. कुसुमवहिनींनी लगेच मुगाची मऊ खिचडी माझ्याच हाती पाठवली. भाऊंनी झाकण उघडून पाहिलं. त्यांना वाटलं, थोरला आपल्याला म्हातारा ठरवतोय. डबा परत आला, तोही माझ्याच हाती. ती खिचडी आम्ही दोघांनी खाल्ली. आमचे हे म्हणाले, "तुला समेट जमत नाही, पण स्वयंपाक वाचवता येतो."

*

शेवटी भाऊंनी धुळ्याहून मिस्त्रीला बोलावलंच. तिन्ही कोड वेगळे करून टाक म्हणाले. त्या सकाळी कुसुमवहिनी माझ्याकडे आल्या, मेथीची एक काडी उचलली, आणि नुसतीच फिरवत राहिल्या.

"अक्का, हे रोज दार उघडून थांबतात," त्या म्हणाल्या. "शेजारचं शटर वर गेलं की भाऊ खाली करायला बाहेर येतात. तेवढं तोंड दिसतं. आता तेही जाईल."

मी मेथीची अर्धी जुडी त्यांच्यापुढे सरकवली.

मिस्त्रीनं या वेळी शिस्तीत काम केलं. रिमोट उघडून ज्याच्या त्याच्या हातात दिले. म्हणाला, खटके तुम्हीच लावा, जसे हवे तसे, कोणाला दाखवू नका. नानांनी आत जाऊन लावले. भाऊंनी पाठ फिरवून लावले. मी सगळे वर केले, सोपं पडतं. मग मिस्त्री शिडी घेऊन ज्याच्या त्याच्या मोटरच्या डब्यात तसेच खटके लावत फिरला. नानांचं झालं. भाऊंचा रिमोट हातात घेतला आणि तो थबकला. पुन्हा नानांच्या शटरकडे बघून आला. मी चहा दिला, पोहे दिले, तरी काही सांगेना.

"दाबा नाना," तो म्हणाला.

नानांनी दाबलं. दोन्ही शटरं वर गेली.

भाऊ आपल्या गॅरेजमधून बाहेर आले. हातातल्या रिमोटकडे पाहिलं, मग नानांच्या हाताकडे. मिस्त्री शिडी आवरत म्हणाला, मी काही केलं नाही, दोघांनी लावलेत तेच एकसारखे आहेत.

मग भाऊ पाचोऱ्याकडच्या त्यांच्या गावच्या बोलीत म्हणाले,

"तुले अजून याद शे?"

"तूच शिकाडेल शे ना," नाना म्हणाले.

भाऊ हसले. नानाही हसले, डोळे पुसत. मी फाटकाशी आले, म्हटलं, काय याद आहे, काय शिकवलंय, लहानपणची खूण का काही? दोघांनी माझ्याकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं. भाऊ नानांच्या गॅरेजमध्ये शिरले, आणि नानांनी आतून बटण दाबलं. शटरं खाली आली. आतून हसण्याचा आवाज येत राहिला.

मी रिमोट हनुवटीला लावला आणि दाबला. माझ्या पाठीमागे आमचं शटर उघडलं.