पेटीचा भाता

१९८३, दिवाळीनंतरचा रविवार, सकाळी दहा. स्थळ कंग्राळी, आप्पांचं घर. हजर: आप्पा, त्यांची बायको आक्का, माझे यजमान आणि मी. काम: अँप्लिफायर आणि दोन स्पीकर घेणे.

आप्पांना कमी ऐकू यायचं, आणि आमच्या माहितीतला सगळ्यात महाग अँप्लिफायर तेच बनवायचे. या दोन गोष्टींचा मेळ मला तेव्हाही लागला नाही, आजही लागत नाही. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत ते लाकडी साचे करायचे. यजमानही तिथेच कामाला. तिथल्या खडखडाटात आप्पांचे कान गेले आणि त्यानंतर हा नाद लागला.

यजमानांनी आधी अँप्लिफायर उचलून पाहिला. फाउंड्रीतली माणसं कोणतीही वस्तू अशीच पारखतात.

"वजन हाय," ते म्हणाले.

"वजनाचं पैसं घेत न्हाय मी," आप्पा म्हणाले.

मी सुट्या भागांची यादी करून नेली होती. दुकानातल्या दराने सगळं धरलं तरी आप्पांची किंमत चौपट होत होती. बाकीचं कशाचं, असं मी मोठ्याने विचारलं. आप्पांनी कॉटखालून पोतं ओढलं. आत हाताने तार गुंडाळलेले अकरा ट्रान्सफॉर्मर.

"बारावा चांगला निघाला, त्यो आत बसिवला. ह्या अकरांचं कोण देणार?"

"यांना काय झालंय?"

"गुणगुणत्यात."

"ह्यांना कुठलं ऐकाय येतंय," आक्का म्हणाली. "मला बसिवत्यात कान लावून. स्टोव्हचा आवाज होतोय म्हणून त्योबी बंद. भात कच्चा ऱ्हायला की परत मलाच इचारत्यात."

मग आप्पांनी पेटीवादनाची रेकॉर्ड लावली. "सुरामागं भाता हलतोय बघ. हवा आत-भायेर हुतीय. ऐकाय येतंय?"

सूर छान ऐकू येत होते. भाता काही सापडेना. आप्पा स्पीकरकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होते.

"ही व्हय म्हणती. पर घरचं माणूस व्हयच म्हणणार. तू खरं सांग पोरी. येत नसंल तर हे काम आजपास्नं बंद."

मी हो म्हटलं. आम्ही अँप्लिफायर आणि स्पीकर घेतले. आप्पा पुढे कितीतरी वर्षं तारा गुंडाळत राहिले.

आप्पा वारल्यावर मी भेटायला गेले, तेव्हा आक्काने मला बाजूला घेतलं. "एक इचारू गं? त्या दिवशी तुला भाता ऐकाय आलता?"

मी मान हलवली. नाही.

"मलाबी कधी न्हाय," ती म्हणाली. "गुणगुण यायची, ती खरी. पर भाता न्हाय. तुला आला म्हणून मी म्हटलं, माझाच कान अधू."

मग तो भाता होता तरी का? की होता, आणि आम्हीच दोघी कमी पडलो? आप्पांना तो कुठून कळला होता, हे विचारायचं राहिलं.

अँप्लिफायर माझ्याकडेच आहे. नवा फ्यूज आणून बसवला, पेटीची रेकॉर्ड पुसून ठेवली, कामांच्या यादीत दोन्हींपुढे खूण केली. आक्काला बोलावून, पंखा आणि गॅस बंद करून ऐकायला बसणे, यापुढे अजून खूण नाही.