कोशकाकांचं स्टूल

शेजाऱ्याच्या गाडीवरून, भावाच्या घरावरून जळणारी माणसं पुष्कळ. कोशकाका जळत होते एका स्टुलावरून. तेही तीन पायांच्या, आणि त्यातला एक पाय आखूड असलेल्या.

ज्या कचेरीत काकांनी सव्वीस वर्षं काढली, तिथे यंत्रांच्या माहितीपुस्तिका इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये जात. माणसं सात. ज्याचा शब्द अडेल त्याने उठावं, काकांच्या टेबलापुढच्या स्टुलावर बसावं आणि म्हणावं, "काका, जरा..." ते दोन शब्द ऐकले की काकांच्या अंगावर मूठभर मांस चढे. मग चष्मा पुसला जाई, लाकडी खण उघडे आणि पिवळं कार्ड बाहेर येई.

त्या खणातलं त्यांचं लाडकं लेकरू म्हणजे 'लाइट'चं कार्ड. इंग्रजीतला एवढासा शब्द, पण स्पॅनिशमध्ये नेला की अकरा दिशांना पांगतो. उजेड असेल तर लूस, टेबलावरचा दिवा लांपारा, मोटारीपुढचा फारो, चौकातला सेमाफोरो. पेटवायचं तर एन्सेंदेर, उजळायचं तर इलुमिनार, सिगारेटीला विस्तव मागायचा तर फ्वेगो. रंग फिका असेल तर क्लारो, बॅग हलकी तर लिहेरो, जखम किरकोळ तर लेव्हे, वारा मंद तर स्वावे. प्रत्येक अर्थापुढे काकांची 'को.' अशी सही. कचेरीचा नियमच होता: अर्थ ज्याने शोधला, सही त्याची.

विचारणाऱ्याला अर्थ हवा असे एक. काका वाढत अकरा. तेही उदाहरणांसकट. उठेपर्यंत त्याच्या चहावर साय धरलेली असे.

आठ महिन्यांपूर्वी एक मुलगी कामाला लागली. कुणी शब्द विचारला की ती एवढंच म्हणे, "चित्र दाखवा." चित्र बघे, शब्द सांगे, संपलं. पहिल्या महिन्यात एक जण तिच्याकडे गेला, तिसऱ्या महिन्यात चौघं. आणि एका सकाळी काका येऊन बघतात, तर स्टूल तिच्या टेबलापाशी! आखूड पायाखालची पुठ्ठ्याची घडीसुद्धा तिकडे गेलेली. म्हणजे मुक्काम कायमचा.

"आज भाजीत मीठ नाहीये," काका त्या दिवशी घरी म्हणाले.

"आहे," काकू म्हणाल्या. "ऑफिसात कुणाची तरी स्तुती झालेली दिसतेय."

सोमवारी नव्या मुलीकडे शिलाई मशीनची पुस्तिका आली. सकाळीच ती उठून खणाकडे यायला निघाली आणि काकांनी ताडलं: आता ही माझं 'लाइट' वाचणार आणि उद्या स्टुलावर बसलेल्यांना फुकट वाटणार! ती पोहोचायच्या आत कार्ड काकांच्या शर्टाच्या खिशात गेलं. तिने खण चाळला, काकांकडे एकदा बघितलं, खण लावला आणि गेली. काकांनी त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू न्हाणीघरातून ओरडल्या, "अहो, खिशात काय ठेवलं होतंत? सगळ्या कपड्यांना पिवळा लगदा लागलाय!"

काकांचा ब्रश तोंडातच राहिला. सव्वीस वर्षांची कमाई साबणाच्या फेसात गेली होती.

दैवाचं टायमिंग बघा. कचेरीत पाऊल टाकतात तोच साहेबांनी मोटारीची पुस्तिका पुढे केली. "काका, जेवणाच्या सुट्टीपर्यंत द्या. चाळीस ओळींत नुसतं लाइट, लाइट, लाइट. तुमच्या हातचा मळ आहे."

हातचा मळ आज सकाळीच धुतला गेला होता! काका आठवायला बसले. दहा अर्थ आठवले, अकरावा तोंडाशी येऊन परत गेला. कार्ड समोर असताना पाठ करायची गरज कधी पडलीच नव्हती. त्यात बाविसाव्या ओळीतला लाइट आठवलेल्या दहांपैकी कशातच बसेना. बारा वाजले. काकांचेही.

शेवटी ते उठले. नव्या मुलीच्या टेबलापर्यंतच्या सात पावलांत त्यांनी मनातल्या मनात राजीनामा दोनदा लिहून फाडला. स्टुलावर बसले. सव्वीस वर्षांत या बाजूने पहिल्यांदाच. स्टूल डुगडुगलं.

"ताई," घसा खाकरून ते म्हणाले, "जरा..."

"बोला ना, काका."

"ते लाइटचं कार्ड... खणात दिसत नाहीये."

"कसं दिसेल? काल दिवसभर तुमच्या खिशातून डोकावत होतं. जेवताना सगळ्यांनी पाहिलं."

पलीकडच्या टेबलावर कुणाला तरी ठसका लागला. काका पायाखालच्या फरशीतली भेग निरखू लागले.

तिने आपल्या खणातून एक पांढरं कार्ड काढलं. आल्याच्या पहिल्याच आठवड्यात उतरवलेलं. अकरा अर्थ, काकांच्याच क्रमाने, प्रत्येकापुढे 'को.' आणि खाली, तिच्या सहीचा बारावा.

"हा कुठला?"

"गाडीत चालवणाऱ्यासमोर ते बारके लाल दिवे लागतात ना, तेल संपलं, दार उघडं राहिलं, ते सांगणारे? त्यांना तेस्तीगो म्हणतात. म्हणजे साक्षीदार. तुमची बाविसावी ओळ दाखवा. चित्र आहे का?"

चित्र होतं. तोच दिवा होता. काकांनी तिच्या त्या एका सहीकडे असं बघितलं, जसं सासरा जावयाच्या नव्या घराकडे बघतो: भिंतीला कुठे चीर सापडते का! सापडली नाही. अक्षरही मेलं सुरेख होतं.

"बरं आहे," ते महत्प्रयासाने म्हणाले. "चालेल."

मग उठले. डाव्या हातात पांढरं कार्ड घेतलं, उजव्या हातात स्टूल उचललं आणि चालू लागले.

"काका, स्टूल!"

"हो हो, आणतो," काका मागे न बघता म्हणाले. "आधी तेरावा सापडू दे."