दानम्मा सिस्टरचा गुरुवारचा वर्ग

दानम्मा सिस्टरचं वजन त्र्याऐंशी किलो. हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण अठरा वर्षांपूर्वी मी गदगच्या या हॉस्पिटलात आया म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच गुरुवारी तिनं मला ते खाटेवरून खुर्चीत न्यायला लावलं होतं.

गुरुवारी जेवणं झाली की चादरींच्या खोलीत तिचा वर्ग भरायचा. वर्ग म्हणजे काय, एक खाट, एक खुर्ची, आणि खाटेवर स्वतः दानम्मा. ती पेशंट व्हायची. अंग असं सोडून द्यायची की त्यापेक्षा ज्वारीचं पोतं परवडलं. ‘‘चल फकीरव्वा, बसव मला खुर्चीत,’’ म्हणायची आणि डोळे मिटून घ्यायची. मी काखेत हात घातले की मिटल्या डोळ्यांनीच बोलायची, ‘‘गेला माझा खांदा. नवऱ्याला असंच उठवायचीस का ग? म्हणूनच पळाला वाटतं.’’ सगळ्या खिदळायच्या. माझा नवरा खरंच पळून गेला होता. पण दुसऱ्या कुणी बोललं असतं तर मी तिच्या झिंज्या धरल्या असत्या, दानम्माच्या तोंडचं मला लागायचं नाही.

ती मुंडरगीची. वडील सहा वर्षं अंथरुणाला खिळून होते आणि ही घरात थोरली. त्यांना कुशीवर वळवता वळवता तिचं लग्नाचं वय गेलं. नर्सिंग ती नंतर शिकली. पण पेशंटला कसं धरायचं हे तिला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं. तिच्यापाशी खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून खाटेवर असं तीनदा नीट केल्याशिवाय कुठल्याही नव्या आयेला वॉर्डात पाऊल टाकता यायचं नाही. मला सात गुरुवार लागले. डॉक्टरसुद्धा विचारायचे, ‘‘ही दानम्माकडून पास झाली का?’’

मग हॉस्पिटल बेंगळुरूच्या एका कंपनीनं घेतलं. रंग मारला, काचा बसवल्या, आणि ट्रेनिंगचा साहेब म्हणून निरंजन नावाचा मुलगा आला. मुलगा वाईट नव्हता. आम्हाला सगळ्यांना अक्का म्हणायचा. त्यानं आम्हा बेचाळीस आयांना उभं करून सांगितलं, ‘‘आता गुरुवारची वाट बघायला नको. सगळं शिक्षण तुमच्या फोनवर. बसमध्ये शिका, घरी शिका, चहा पिताना शिका. वेळ तुमची, सोय तुमची.’’

निंगव्वा मागून म्हणाली, ‘‘साहेब, मग झोपायचं कुणाच्या वेळेत?’’

तोही हसला. पण महिन्याला चार धडे, प्रत्येक धड्याखाली वीस प्रश्न, आणि जी पास होणार नाही तिचं कंत्राट पुढं चालू राहणार नाही, हे सांगताना तो हसत नव्हता.

आमच्यातल्या निम्म्या जणींना सही येते, तेवढंच. फोन मुलांचे, काचा तडकलेल्या. व्हिडिओतली बाई अशी छापील कन्नड बोलायची की ती आमचीच भाषा आहे हे कुणीतरी सांगावं लागे. पेशंटही असा सडसडीत, हसरा, की बोट लावलं तरी उठून बसेल. निंगव्वा तीनदा नापास झाली. चौथ्यांदा बसण्याआधी ती चादरींच्या खोलीत भिंतीला टेकून रडत होती. दानम्मानं तिचा फोन काढून घेतला आणि वीसच्या वीस उत्तरं स्वतः दाबली.

दुसरा फोन माझा होता. मीच नेऊन दिला. सुरुवातीला आपलं तोंड फोनला दाखवायचं, फोटो निघतो. मग फोन दानम्माकडे. आठवड्यात बेचाळीसच्या बेचाळीस जणी रांगेत. ती चष्मा चढवून बसायची आणि पुटपुटत बोट चालवायची. ‘‘अक्कलशून्य बायांनो, निदान व्हिडिओ तरी बघा,’’ असं म्हणायची. आम्ही हो म्हणायचो आणि बस पकडायचो.

महिनाअखेर निकाल आला. बेचाळीस जणी पास, सगळ्यांना पूर्ण मार्क. कंपनीच्या सगळ्या हॉस्पिटलांत आम्ही पहिल्या. निरंजननं पेढे आणले. पेढा दानम्माच्या हातावर ठेवत तो म्हणाला, ‘‘सिस्टर, आता तुम्हाला गुरुवारचे कष्ट नकोत. ती खोली आपण जुन्या फायलींना देऊ.’’

दानम्मानं पेढा तसाच हातात धरला. ‘‘फोनवर चालू दे तुमचं,’’ ती म्हणाली, ‘‘पण वर्गही राहू दे.’’

‘‘कशाला? सगळ्यांना पूर्ण मार्क आहेत. त्यांना येत नाही असं काय उरलंय?’’

तिनं आमच्याकडे बघितलं. आम्ही फरशीकडे. तिला खरं सांगता येत नव्हतं, आमच्या भाकरीवर पाय पडला असता. आणि खोटं तर तिनं आधीच वीस-वीस प्रश्नांनी लिहून दिलं होतं. मला तिची एवढी लाज वाटली की माझ्या वाटचा पेढा मी तसाच पदराला बांधून टाकला. माझीच लाज, खरं तर.

पुढच्या महिन्यात, वर्ग बंद झाल्यावर, पवित्रा लागली. बेटगेरीची, विणकराच्या घरची, तेवीस वर्षांची. नवरा गेला, पदरात मुलगी. पवित्रा ही पहिली आया, जिनं दानम्माला कधी खाटेवरून उठवलं नाही. तिचा फोन मात्र दानम्माच्या मांडीवर येऊन गेला, आमच्याच रांगेतून. मीच तिला रांग दाखवली होती.

दानम्मानं दोनदा तिला व्हरांड्यात धरून शिकवायला घेतलं. दोन्ही वेळा वरून निरोप आला की फोनबाहेरचं शिकवणं बंद आहे, चुकीचं शिकवलं तर जबाबदारी कुणाची. मग दानम्मा मला म्हणाली, ‘‘फकीरव्वा, तू दाखव तिला.’’ मी म्हटलं, दाखवते. आम्ही एकाच वॉर्डात होतो. आज दाखवू, उद्या दाखवू, असे तीन आठवडे गेले.

अंगडी मास्तर आमच्या वॉर्डातले, खुब्याच्या ऑपरेशनचे पेशंट. धिप्पाड माणूस. सकाळी त्यांना खुर्चीत बसवायचं होतं. पवित्रानं मला हाक मारली होती, मी पलीकडच्या खोलीत एका आजीचं अंग पुसत होते. ‘‘आले, थांब,’’ म्हटलं. ती थांबली नाही. मास्तर घाई करत होते. तिनं काखेत हात घातले आणि ओढलं. मी धावत पोचले तेव्हा मास्तर खाली होते, खांदा निखळलेला, ऑपरेशनचा पाय नको तसा वळलेला, आणि पवित्रा त्यांच्याखाली अडकून पडली होती. मास्तरांचं ओरडणं अजून माझ्या कानात आहे.

चौकशी बसली. पवित्रा म्हणाली, ‘‘मला कुणी शिकवलं नव्हतं.’’ निरंजननं कागद पुढं केला. पेशंट हलवणे, धडा तिसरा, वीसपैकी वीस. शेजारी तिचा फोटो. येत असूनही हलगर्जीपणा केला, असा त्याचा अर्थ.

त्या दुपारी आम्ही सगळ्या दानम्माला घेरून उभ्या राहिलो. ती खरं सांगायला निघाली होती. निंगव्वानं तिचे पाय धरले. ‘‘एकीसाठी बेचाळीस घरं बुडवाल का, सिस्टर?’’

दानम्मा म्हणाली, ‘‘मग तिला एकटीला बळी देऊ?’’

तिनं पाय सोडवून घेतले. ती चौकशीच्या खोलीत गेली.

थोड्या वेळानं मला बोलावलं, सगळ्यांत जुनी म्हणून. निरंजनच्या कपाळावर घाम होता. तो म्हणाला, ‘‘सिस्टर म्हणतात की सगळ्यांची उत्तरं त्यांनीच दिली. अक्का, तुमची परीक्षा कुणी दिली?’’ माझ्या लक्षात आलं, त्यालाही खरं नको होतं. पहिला नंबर त्यानंच बेंगळुरूला कळवला होता.

दानम्मा शेजारच्या खुर्चीत बसली होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

‘‘मीच दिली, साहेब,’’ मी म्हटलं.

माझ्यानंतर पाच जणींना बोलावलं. पाचही जणी तेच बोलल्या. सिस्टरांनी मायेपोटी पवित्राला वाचवायला खोटं सांगितलं, असं कागदावर आलं. त्याखाली त्यांनी दानम्माची सही घेतली. तिनं केली. काय करणार होती?

बाहेर आल्यावर ती माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, ‘‘तुझी बस निघून जाईल.’’

निवृत्तीला तिची दोन वर्षं उरलीत. तिला आता वॉर्ड नाही. पुढच्या दाराशी टेबलावर बसवलंय; कुठल्या आयेचा धडा राहिलाय ते स्क्रीनवर बघायचं आणि तिला फोन करायचा. मला परवाच आला होता. ‘‘फकीरव्वा कांबळी, तुमचे दोन धडे बाकी आहेत.’’ अठरा वर्षांत ती मला पहिल्यांदा तुम्ही म्हणाली. त्या टेबलासमोरून जायला लागू नये म्हणून मी मागच्या जिन्यानं चढते, गुडघे दुखत असूनही.

पवित्राला कामावरून काढलं. ती हिशेबाचे कागद न्यायला आली होती त्या दिवशी फाटकापाशी भेटली. मी तोंड चुकवायला बघत होते. तिनंच गाठलं. आता शिव्या देणार असं समजून मी उभी राहिले.

ती म्हणाली, ‘‘अक्का, एक विचारू? त्या मास्तरांना उठवायचं कसं होतं?’’

मी तिथंच, रस्त्याच्या कडेला, तिच्या समोर उभी राहिले. आपला गुडघा त्यांच्या गुडघ्यासमोर. काखेत हात नाही, पाठीवर, खांद्याच्या फऱ्यामागं. आधी काठावर बसवायचं, गरगरणं थांबू द्यायचं. दुसरी बाई आल्याशिवाय हात लावायचा नाही. ओढायचं नाही, पुढं वाकवायचं, की माणूस आपोआप उठतो.

तिनं एकदा करून बघितलं, मला धरून. बरोबर केलं.

सगळं मिळून दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.