उत्तराचं कार्ड

रत्नागिरीच्या टपाल कचेरीबाहेर बसून मी लोकांची पत्रं लिहायचो, तेव्हाची ही मांडवीची बाई. तिकडे उत्तरेत भूकंप झाला आणि तिचा नवरा स्वयंसेवकांबरोबर मदतीला गेला. त्याची पत्रं यायची, पण रिवाजाप्रमाणे थोरल्या भावाच्या नावाने. बायकोच्या वाट्याला शेवटची ओळ, 'घरी सर्वांस यथायोग्य नमस्कार-आशीर्वाद.'

"सर्वांत आमची म्हैसपण आली!" ती माझ्यावरच खेकसली, जणू ते मीच लिहिलं होतं. तिने जोडकार्ड पुढे आपटलं. त्यातलं एक कार्ड पाठवायचं, दुसरं कोरं उत्तरासाठी. "जिते आहात काय, येवढंच विचारा. आणि उत्तराच्या कार्डावर पत्ता माझ्या नावाचा घाला."

नवऱ्याचं नाव ती घेईना; त्याचा पत्ता लिहिलेला कागद तिने सरकवला. स्वतःचं नाव मात्र ठणकावून सांगितलं.

महिन्याभराने ते उत्तर घेऊन ती आली. पत्ता माझ्याच अक्षरात, तिच्या नावाचा. मी मजकूर वाचू लागलो, "तीर्थरूप दादांस साष्टांग नमस्कार..."

पुढे वाचवेना. मुंबईला नोकरीत होतो तेव्हा मीही बायकोला एक ओळ लिहिली नव्हती, सगळी पत्रं वडिलांना.

मला वाटलं, आता ही रडणार. तिने पदर खोचला आणि नवं जोडकार्ड माझ्यापुढे ठेवलं.

"ह्या वेळी उत्तराच्या कार्डावर मजकुराच्या जागीपण वर माझंच नाव लिवून ठेवा. खाली कोरं सोडा. मग बघते, नमस्कार कोणाला घालतात ते."