दीड वितीच्या पेटीत कोण जगेल

आमच्या घरात मासे पाळायची हौस कुणालाच नव्हती. काचेची पेटी घरात आली ती एक गिऱ्हाईक रुसलं म्हणून.

कानडी मुलखात, चामराजपेटेत आमचं तसबिरी मढवायचं दुकान होतं. देवांच्या, गेलेल्या माणसांच्या, लग्नाच्या. माझे यजमान ते बघत. जयनगरात तेव्हा नवी घरं उठत होती. तिथल्या एका गृहस्थांनी दिवाणखान्यात ठेवायला माशांची पेटी करून मागितली. यजमानांनी तसबिरींच्या उरलेल्या काचा पत्र्याच्या सांगाड्यात, फटींत लांबीचा लगदा भरून बसवल्या. उरलेल्या काचांची पेटी केवढी होणार? दीड वीत लांब, वीतभर उंच. गृहस्थ म्हणाले, "ही पेटी आहे की कुंकवाचा करंडा?" आणि गेले ते परत आले नाहीत.

यजमान ती मोडून काचा काढून घेणार होते. माझ्या सासूबाईंनी हात धरला. आम्ही सुना त्यांना आत्याबाई म्हणत होतो. त्या म्हणाल्या, "मोडू नकोस. देवघरात ठेव. मासा म्हणजे विष्णूचा पहिला अवतार." तोच अवतार आमच्याकडे कधीमधी परसातल्या वेगळ्या चुलीवर शिजत असे, पण हे देवघरात बोलायचं नसतं.

पेटीचं काम माझ्याकडे आलं. "थोरले, तुझ्या अंगावर पोर नाही. तू बघ," असं आत्याबाई म्हणाल्या. ते खरंच होतं. मला दोन मुलं झाली आणि दोन्ही गेली. एक जन्मतःच, दुसरं बारशाच्या आधी. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. तेव्हा खूप घरांत असं होत असे. पण दुसरं मूल गेल्यावर माझ्या हाताबद्दल बोलणं सुरू झालं. आधी लोणच्याला हात लावू देईनात. मग तुळशीला पाणी घालू देईनात. उघड कुणी भांडत नसे. मी पुढे झाले की आत्याबाई म्हणायच्या, "असू दे, मी करते."

माझी धाकटी जाऊ तेव्हा धारवाडला माहेरी बाळंतपणाला गेली होती. मूल घेऊन ती परत येणार होती. त्या मुलाला मी उचलायचं की नाही, हा प्रश्न घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण होता. आणि नेमकी तेव्हाच ती पेटी माझ्या हाती आली. पेटीतलं जगलं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं. मेलं असतं तर सगळे म्हणाले असते. हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं, म्हणून मी ती हौसेने नाही, डोकं लावून सांभाळली.

पहिल्यांदा यजमानांनी मार्केटाजवळून दोन लाल मासे आणले. बोटाएवढे, शेपटी मोठी. पेटीत सोडल्यावर दोघांना एका वेळी वळायलाही जागा नव्हती. एक वळला की दुसऱ्याने थांबायचं. तोंड वर काढून हवा गिळत राहिले आणि आठवड्याच्या आत मेले. आत्याबाई नुसत्या माझ्याकडे बघून आत गेल्या.

मग सल्ले सुरू झाले. शेजारची कानडी बाई कुंपणावरून म्हणाली, "अक्का, कासव ठेवा. त्याला स्वल्पच जागा लागते."

मी म्हटलं, "वाढलं म्हणजे?"

"कासव वाढलं की लक्ष्मी वाढली. सरी ना, बरोबर ना?"

"लक्ष्मी वाढली की मग मोठी पेटी घेऊ. तोवर कासव कुठे ठेवू, तुमच्याकडे?"

ती हसली आणि कासवाचं नाव तिने परत काढलं नाही. यजमान म्हणाले, "खेकडा आणतो. तो लवकर मरत नाही." मी विचारलं, झाकण केलंय का पेटीला? नव्हतं केलं. देवघरात खेकडा फिरताना आत्याबाईंना दिसला असता तर तो मेलाच असता, आणि नावही माझंच झालं असतं.

लहान पेटीसाठी प्राणी निवडायचा म्हणजे आधी काय नको ते ठरवायचं. वाढणारं नको. भांडणारं नको. उडी मारणारं नको. फार खाणारंही नको, कारण खाल्लं की घाण होणार आणि घाण जायला जागा नाही. आमच्याकडे सून बघतानाही हेच बघत असत.

म्हणून मी पाण्यातल्या गोगलगाई निवडल्या. दाण्याएवढ्या, शंखात राहणाऱ्या, काचेवरचं शेवाळ खाणाऱ्या. त्या तळ्यात असतात, हौदात असतात, गटाराच्या कडेलाही जगतात. त्यांना काय लागतं? कानडी बाईच्या भावाने तळ्यातून आणून दिल्या. संध्याकाळी पेटीत सोडल्या. सकाळी सगळ्या तळाशी, अंग शंखाबाहेर लोंबलेलं, मेलेल्या.

यावर मात्र आत्याबाई बोलल्या. त्या यजमानांना म्हणाल्या, पण मला ऐकू येईल अशा. "गटारात जगणारा जीव हिच्या हाताखाली मेला. आता मी काय बोलू?"

यजमान म्हणाले, "आई, गोगलगाय आहे ती."

"आज गोगलगाय आहे," असं म्हणून त्या उठल्या.

मला राग आला होता, पण रागापेक्षा मी चक्रावले होते. लाल मासे मोठे होते, पेटी लहान, ते मेले हे समजण्यासारखं होतं. गोगलगाईंना ती पेटी म्हणजे मैदान होतं. मग त्या का मेल्या? घाण नव्हती. पाणी तर घरातलं सगळ्यात चांगलं होतं. देवघरातली वस्तू म्हणून पेटीत सोवळ्यातलंच पाणी जायचं. सकाळी आंघोळ करून आत्याबाई विहिरीचं पाणी ओढत, तांब्याच्या हंड्यात भरून ठेवत. हंडा रोज चिंचेने घासलेला, आरशासारखा. देवाला तेच पाणी, प्यायला तेच, आणि दुसऱ्या दिवशी त्यातलंच पेटीत. त्याच्यापेक्षा चांगलं पाणी कुठून आणणार होते मी? हाताचंच खरं असेल, असंही एकदोनदा मनात आलं. सगळे एकच सांगत असले की आपल्याला ते खरं वाटायला लागतं.

तेवढ्यात जाऊ परत आली. मुलगा होता. गोरा, मान अजून डगडगणारी. मी दारात भाकरतुकडा ओवाळायला पुढे झाले तर आत्याबाईंनी ताट माझ्या हातातून घेतलं. जावेने ते पाहिलं. पण ती घरात नवी होती.

त्याच आठवड्यात मी बाहेरची झाले. त्या दिवसांत बाईने घरात शिवाशिव करायची नाही, मागच्या पडवीत विहिरीजवळ बसायचं, जेवण लांबून वाढायचं, ही रीत आमच्याकडे कडक होती. मला त्याचं वाईट वाटत नसे. तेवढीच विश्रांती. पडवीत माझं ताट वेगळं, लोखंडी बादली वेगळी. जाऊ विहिरीतून पाणी ओढून लांबूनच माझ्या बादलीत ओतायची. विहिरीत डासांच्या अळ्या खायला मुन्सिपालटीच्या माणसांनी कधी काळी बारीक मासे सोडलेले होते. गप्पी मासे. ते पाण्याबरोबर बादलीत यायचे. एरवी मी ते परत विहिरीत टाकत असे. या वेळी करायला काही नव्हतं. मी ते बादलीतच राहू दिले आणि बघत बसले.

दुपारी कानडी बाई तळ्यातली पाणवनस्पती घेऊन आली. पेटीत हिरवं असलं की बरं दिसतं, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिच्या पानांना गोगलगाई चिकटलेल्या होत्या. मी पडवीतून म्हटलं, "मला शिवता येत नाही, आत्याबाईंना द्या." आत्याबाईंनी जुडी आत नेली, स्वतःच्या हाताने हंड्यातल्या पाण्यात धुतली आणि पेटीत लावली. एक डहाळी पायरीवर पडली होती, गोगलगाईंसकट. ती मी बादलीत टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याबाई केळीच्या पानावर मेलेल्या गोगलगाई घेऊन परसात आल्या. माझ्या बादलीत त्यांच्याच बहिणी काठावरून आरामात चालत होत्या. मासेही फिरत होते.

आत्याबाई पान टाकून म्हणाल्या, "तुझी सावली पडली असेल."

मी म्हटलं, "मी इथे बसलेय. देवघर तिथे. सावली केवढी लांबते माझी?"

जाऊ विहिरीपाशी होती. ती फसकन हसली आणि मग खोकल्याचं सोंग केलं. आत्याबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या बादलीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग आत गेल्या.

इकडे माझं डोकं चालू होतं. विहीर एकच. वनस्पती एकच. गोगलगाई एकाच तळ्यातल्या. आतल्यांना मी शिवले नव्हते, त्या मेल्या. माझ्याजवळच्या, माझ्या त्या दिवसांतल्या बादलीतल्या, जिवंत. मग फरक राहिला एकच. आतलं पाणी रात्रभर तांब्याच्या हंड्यात असतं आणि माझं लोखंडी बादलीत.

न्हाऊन घरात आले त्या सकाळी मी दोन काचेचे पेले पडवीच्या कट्ट्यावर मांडले. आत्याबाईंना हाक मारली. जाऊही बाहेर आली, मूल खांद्यावर घेऊन.

मी म्हटलं, "आत्याबाई, मी हात लावत नाही. तुम्हीच करा. एका पेल्यात हंड्यातलं पाणी घाला, एकात बादलीतलं. दोन्हींत गोगलगाई सोडा. उद्या सकाळी बघू."

"ही कसली परीक्षा? माझी घेतेस?"

"तुमची नाही. हंड्याची."

"हंडा माझ्या सासूचा आहे," त्या म्हणाल्या. "आम्ही सगळे त्यातलं पाणी पिऊन वाढलो. कोण मेलं?"

"आपण गोगलगाई नाही, आत्याबाई."

मला वाटलं होतं त्या आत निघून जातील. पण त्या बाईत एक गोष्ट होती, ती मी कबूल करते. तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असे. दुसऱ्याच्या सांगण्यावर तिचा विश्वास नव्हता, माझ्या नाही आणि स्वतःच्या मुलाच्याही नाही. त्यांनी पदर खोचला, दोन्ही पेले भरले, गोगलगाई सोडल्या. कुणी मधे हात घालू नये म्हणून वर जड पाट ठेवला. "आता कुणी शिवायचं नाही," असं सगळ्या घराला सांगितलं. मला तर दोनदा सांगितलं.

सकाळी पाट त्यांनीच काढला. बादलीच्या पाण्यातल्या गोगलगाई काठापर्यंत चढून आल्या होत्या. हंड्याच्या पाण्यातल्या तळाशी लोंबत पडल्या होत्या. आत्याबाईंनी काडीने ढोसून पाहिलं. पेला उचलून उजेडात धरला. वास घेतला.

"तांब्यात कीड राहत नाही, म्हणून तर पाणी शुद्ध होतं," त्या हळू म्हणाल्या. मला म्हणाल्या की स्वतःला, कळलं नाही.

मी म्हटलं, "हो. पण कीड कुठली आणि गोगलगाय कुठली, हे तांब्याला कळत नाही."

ज्यात काही जगत नाही ते पाणी सगळ्यात शुद्ध, असं आम्ही धरून चाललो होतो आणि तेच आम्ही जगवायच्या वस्तूला घालत होतो. चूक कुणी वाईट मनाने केली नव्हती. घरातलं उत्तम तेच दिलं होतं. मी पुढे बरीच घरं पाहिली, त्यांत माणसांनाही असंच उत्तम ते देऊन गुदमरवलेलं पाहिलं. पण ते त्या दिवशी सुचलं नव्हतं. त्या दिवशी मी फक्त आत्याबाईंच्या तोंडाकडे बघत होते.

त्या ‘माझं चुकलं’ म्हणाल्या नाहीत. त्यांच्या पिढीत सासू असं म्हणत नसे आणि मी वाटही पाहत नव्हते. दुपारी त्यांनी यजमानांना सांगून पेटी देवघरातून काढली आणि पडवीच्या कट्ट्यावर ठेवली. "अवतार आहे खरा, पण त्याला साधं पाणी लागतं," एवढंच म्हणाल्या. पेटीत बादलीतलं पाणी, ती डहाळी, तीनचार गोगलगाई आणि विहिरीतले गप्पी मासे. नखाएवढे, राखी रंगाचे, शेपटीवर एखादा ठिपका. विकायला काढले असते तर कुणी घेतलेही नसते. त्यांना ती पेटी पुरत होती. पुढे त्यांची पिल्लं झाली की जास्तीची परत विहिरीत सोडत असू, कारण पुरण्याला हद्द असते. लाल मासे परत आणू दिले नाहीत मी.

पेटी ठेवून झाल्यावर मी कट्ट्याशी टेकून बसले होते. जाऊ आली. तिने काही विचारलं नाही, आत्याबाईंकडे पाहिलंही नाही. "अक्का, धरा जरा, माझे हात भरून आलेत," म्हणत मूल माझ्या मांडीवर ठेवलं. आत्याबाई समोर मेथी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. मी मुलाला धरून तशीच बसले. काढून घे म्हणाल्या असत्या तर मी काय केलं असतं, मला अजून माहीत नाही.

"मान धर नीट," त्या म्हणाल्या.

"धरलीय."

"खालून धर. असं."

मी खालून धरलं. मूल पेटीतल्या हालचालीकडे टक लावून बघत होतं, आणि बघता बघता त्याने माझं लुगडं ओलं केलं. जाऊ घ्यायला धावली. आत्याबाई मेथी निवडतच म्हणाल्या, "राहू दे तिच्याकडे. नंतर धुईल. बादलीत पाणी आहे."