दाजींचा न हसलेला फोटो

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, यांना या जगात एकच गोष्ट जमत नाही. तोंड मिटून गंभीर राहणं. बाकी त्यांना काय येत नाही? रेल्वेच्या पार्सल ऑफिसात उभी हयात गेल्यामुळे ते अक्कलकोटच्या माणसाशी कानडीत भाव करतात, सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकरांची तेलुगूत खुशाली विचारतात आणि रिक्षावाल्यांशी दखनीत गप्पा हाणतात. पण 'आता हसायचं नाही' असं कुणी म्हणालं, की संपलं. लग्नातला किस्सा ताई अजून सांगते. "अंतरपाट दूर झाला आणि समोर नुसते दात! चेहरा नंतर दिसला." ऑफिसात एकदा साहेब त्यांना झाडत होते. दाजींना हसू फुटलं, साहेब आणखी भडकले, दाजी आणखी हसले आणि शेवटी साहेबांनीच टेबलावर डोकं ठेवून खांदे हलवायला सुरुवात केली. कुणाकडे भेटायला जायचं असेल, कुणी गेलेलं असेल, तर ताई त्यांना दारातच बसवते. चपला सांभाळायला म्हणून. "हसू माझ्या हातात न्हाय हो मेव्हणं," ते मला कळवळून सांगतात. "पोटात उकळी फुटती. आतून मी रडतच असतो की!"

असा माणूस पासपोर्ट काढायला गेला तेव्हा आम्ही फोटोचीच धास्ती घेतली होती. पण इकडे ऑफिसातच फोटो काढतात. तिथल्या मुलीनं बिचारीनं फार सोसलं. शेवटी दाजींना शिंक आली, येता येता परत गेली, आणि शिंक गेल्यावर माणूस जसा हरवल्यासारखा बघतो तसे ते बघत असताना तिनं बटण दाबलं. त्या फोटोवर दाजी ताईला घेऊन मुलाकडे, निखिलकडे, जर्मनीला गेले.

तिथं त्यांनी जो घोळ घातला तो दुसऱ्या कुणाला सुचलाच नसता. रक्तदाबामुळे ताईनं त्यांचं लोणचं तोडलेलं. दाजींनी सोलापूरहून कैरीच्या लोणच्याची एक छोटी बरणी चोरून नेली होती, आणि ती कुणाच्याही हाती लागू नये म्हणून घरातल्या सगळ्यांत सुरक्षित जागी ठेवली. पासपोर्टच्या पाकिटात. परतीची तयारी करताना ताईनं पाकीट उघडलं तर आत लाल तेलाचं तळं. फोटोचं पान पापडासारखं पारदर्शक झालेलं. दाजींचा तो शिंक-गेलेला चेहरा तेलात विरघळून गेला होता.

"वास मात्र झकास येतोय की," दाजी म्हणाले.

एरवी आम्ही या प्रकरणावर वर्षभर हसलो असतो. पण त्याच आठवड्यात दाजींच्या गावाहून, केमहून, फोन आला. अक्का, म्हणजे दाजींची थोरली बहीण, ओट्यावरून पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. दाजींना लहानाचं मोठं केलं ते अक्कानं. स्वतःचं लग्नसुद्धा तिनं या पोरापायी लांबवलं. मी गाडीनं केमला गेलो. अक्का खाटेवर आडवी, पाय बांधलेला, आवाज तेवढा शाबूत.

"कुटं ऱ्हायलाय त्यो?"

मी पासपोर्टचं सांगितलं. नवा काढावा लागेल, तिकडे त्याला फोटो आपणच द्यावा लागतो, फोटोत हसलेलं चालत नाही.

अक्कानं मान भिंतीकडे वळवली. मग म्हणाली, "मंग काय येत न्हाय त्यो."

हे मी दाजींना फोनवर जसंच्या तसं सांगितलं. ते हसले. पण हसता हसताच त्यांनी फोन ताईकडे दिला.

मग सुरू झालं ते फोटोपुराण. स्टेशनवरच्या फोटोच्या यंत्रात निखिलनं त्यांना बसवलं. आतून एक बाई जर्मन भाषेत सूचना देऊ लागली. दाजी प्रत्येक सूचनेला "व्हय बाई, व्हय बाई" करत राहिले, आणि सगळ्या फोटोंत तोंड उघडं आलं. शिवाय त्या यंत्राला आपल्या पासपोर्टचा चौकोनी फोटो ठाऊकच नव्हता. घरी पांढरी चादर लावून काढला, तर कानामागं सावली. सावली घालवायला निखिलनं दोन्हीकडून दिवे धरले, तर चष्म्यात दोन चंद्र. चष्मा काढला. आता ओठ घट्ट दाबून धरलेले दाजी, गाल फुगलेले, आणि आत कोंडलेल्या हसण्यानं डोळे इतके बारीक झालेले की 'डोळे दिसत नाहीत' म्हणून तोही वकिलातीतून परत आला. ताईनं रागावून बघितलं, निखिलनं व्हिसा संपत आल्याची भीती घातली. मी सोलापुरातून व्हिडिओवर वाईट वाईट बातम्या वाचून दाखवल्या. दाजी प्रामाणिकपणे ऐकत आणि "थांबा हं, आता जमलं" असं म्हणत. त्या 'जमलं'वरच हसू सुटे.

या सगळ्यात एक गोष्ट आमच्या लक्षात यायला उशीर झाला. दाजी जेवत नव्हते. लोणचं समोर ठेवलं तरी नको म्हणाले. ताईनं मला फोनवर हळूच सांगितलं, "अरे, हसतात आणि न्हाणीघरात जाऊन बसतात. बाहेर आल्यावर डोळे लाल असतात. आता मला त्यांच्या हसण्याचीच भीती वाटते."

शेवटी कुणीतरी एका म्हाताऱ्या तुर्की फोटोवाल्याचं दुकान सांगितलं. तिघं तिथं गेले. त्या माणसानंही खटपट केली. हनुवटी धरून मान सरळ केली, बोटानं ओठ मिटवून दाखवले. दाजींना गुदगुल्या झाल्या. दुपार कलली. तो बिचारा दमून स्टुलावर बसला आणि निखिलला विचारू लागला, की एवढी घाई कसली आहे? निखिलनं अक्काचं सांगितलं. ताईनं मोबाईलमधला तिचा फोटो दाखवला.

म्हाताऱ्यानं तो मोबाईल हातात घेतला आणि बोलायला लागला. आधी जर्मनमध्ये, मग त्याच्याही नकळत आपल्या भाषेत. हातानं काहीतरी उंची दाखवली, डोक्यावर ओढणी घेतल्याची खूण केली, कणीक मळल्यासारखी मूठ फिरवली. निखिललाही त्यातलं काही कळेना. पण दाजी ऐकत होते. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, डोळे त्या माणसाच्या डोळ्यांत. मध्येच म्हातारा थांबला, दाजींकडे नीट बघितलं, बोलणं न तोडता उठला आणि कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

"त्याला पण थोरली बहीण होती," बाहेर आल्यावर दाजी म्हणाले. "त्याला जायला जमलं न्हाय."

"तुम्हाला तुर्की कधीपासून कळायला लागलं?" ताईनं विचारलं.

"त्यात कळायचं काय हाय?"

तो फोटो पास झाला. व्हिसा संपायच्या आत नवा पासपोर्ट हातात पडला. तो दहा वर्षांचा आहे हे बघून दाजी म्हणाले, "सरकारचा माझ्यावर लई भरवसा हाय की!" सोलापूर स्टेशनवर मी त्यांना घ्यायला गेलो, तर घरी न येता तिथूनच मला ओढत केमला घेऊन गेले. बॅगा ताईच्या हवाली.

अक्का भिंतीला टेकून बसली होती. दाजी तिच्या पायाशी बसले आणि अर्थातच हसले. तिनं त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाली, "दाव, कसला फोटू काढलास त्यो." दाजींनी पासपोर्ट उघडून समोर धरला. अक्कानं तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, परत जवळ नेला. मग पदर सावरून नीट बसली.

"हे आबा हायती की रं."

आबा म्हणजे त्यांचे वडील. दाजी रांगत होते तेव्हा ते गेले. त्या घरात कुणाचा फोटो काढायची ऐपत नव्हती, त्यामुळे दाजींना आपल्या बापाचा चेहरा ठाऊकच नाही.

"आस्सं बघायचं," अक्का म्हणाली. "कुनी बोलत आसलं की आस्सं. तुजं हासनं आईचं. ह्ये तोंड आबांचं."

दाजींनी त्या चौकोनी फोटोवरून अंगठा फिरवला. त्या तुर्की माणसानं जादा दिलेल्या फोटोंतला एक अक्कानं मागून घेतला.

अक्का आता काठी धरून चालते. मागच्या महिन्यात मी आणि दाजी केमला गेलो, तर देवघरात त्या फोटोला फ्रेम, वर ताजं गंध आणि जास्वंदीचं फूल. दाजींनी मोठ्यांदा हाक मारली, "अक्का, अगं मी जित्ता हाय की!"

"तुला कोन पुजतंय?" आतून आवाज आला. "म्या आबांना पुजतीया."

दाजी हसले, मी पण हसलो. मग ते देवघराच्या चौकटीत उकिडवे बसले आणि फोटोकडे बघत आत चुलीपाशी बसलेल्या बहिणीला त्यांनी विचारलं, "अक्का, आबा मला काय म्हणून हाक मारायचे गं?"